जावयाची चौकशी

अरे, आमच्या मेडशीच्या काकूनं तं ठाणेदारालेच सोयरिकीच्या कामाले लावलं! पोरीले किन्हीराजा गावचं स्थळ आलं, तशी काकू पोराचं नाव-गाव घेऊन थेट पोलिस ठाण्यात.

"साहेब, पोरगा कसा आहे?"

"काकू, हे आमचं काम नाही. नातेवाइकाइले इचारा."

"ते तं गोडच बोलतात. वाईट काय ते तुमालेच माईत राह्यते."

साहेब हसले. त्या गावाकडं फिरनाऱ्या शिपायाले बोलावलं. शिपाई म्हणे, "या पोराचं नाव आमी कधी आयकलंच नाही."

"बस, जमली मंग सोयरीक!" काकू उठली.

साहेब म्हणे, "काकू, आमचा हा शिपाईबी बिनलग्नाचा आहे. त्याच्यासाठीबी पाहा एखांदी पोरगी."

काकूनं शिपायाले खालून वरपर्यंत पाह्यलं.

"नाही बा साहेब. याले तं सारे चोर ओळखतात!"