रिंगेवरची माळ

(केरीच्या खाडीत नांगरलेली ‘आनंदी’ ही मच्छीमार बोट. केबिनच्या छपरावर परातीएवढी धातूची रिंग, तिच्यावर दसऱ्याची वाळून कोळ झालेली झेंडूची माळ. खाली केबिनमध्ये त्या रिंगेचा जुना रेडिओ, आवाज कुठल्या दिशेने येतो ते दाखवणारा. रेडिओसमोर गोकुळदास, दारात त्याच्या मरण पावलेल्या भावाची, भिकाजीची बायको विनोदिनी. या दीर-भावजयीचं बोलणं वर्षभर बंद होतं. आज सुरू झालंय, आणि बंद होतं तेच बरं होतं असं कुणालाही वाटावं.)

विनोदिनी: आधी ते कानावरचं काढ आणि माझ्याकडे बघून बोल.

गोकुळदास: कान हय लागतत, वयनी. तोंड मोकळा आसा. बोल काय बोलाचा ता.

विनोदिनी: सर्वेश कुठे आहे?

गोकुळदास: तुझो झील, तुझी बोट. माका कित्याक इचारतंस?

विनोदिनी: कारण दसऱ्यापर्यंत तुला बरोबर माहीत असायचं. पोर वायरलेसवर नुसतं म्हणायचं, आई, बांगडा लागला. त्याचं जाळं ओढून होईपर्यंत तुझी ‘आनंदी’ त्याच्या शेजारी हजर. रिंग फिरवायची, त्याचा आवाज कुठून येतो ते धरायचं, आणि त्याच्या माशांवर जाऊन बसायचं. याला मासेमारी नाही म्हणत, चोरी म्हणतात.

गोकुळदास: दर्यातलो मासो काय तुझ्या बापाशीन म्हायेरात, आमोण्यात बांधून ठेवलेलो?

विनोदिनी: बापापर्यंत जाऊ नको.

गोकुळदास: तू चोरीपर्यंत गेलंस, मी बापाशीपर्यंत गेलंय. नदीतल्या बार्जी बघून वाढलेली बाई तू, तुका दर्या काय कळतलो? आणि पूजेचो दिस सोडून बायलमाणूस ह्या बोटीर चढना नाय, ह्याय तुका म्हायत आसा.

विनोदिनी: काल सकाळी गेलेली ‘पद्मावती’ आज दुपार टळली तरी आली नाही. तिच्यावर माझा मुलगा आहे, तीन खलाशी आहेत. मला आज बायलमाणूस शिकवू नको.

गोकुळदास: सगळ्या बंदराक म्हायत आसा ता. तेचो धंदो वेंगुर्ल्याच्या बाजूक, म्हणान सगळ्यो बोटी थयच गेल्यो शोधूक.

विनोदिनी: सगळ्या गेल्या. आणि सख्खा काका खाडीत बसलाय. पोलिसांना कळवलं तर ते जागा विचारतात. जागा माहीत असती तर मी त्यांच्या दारात कशाला गेले असते? तुझ्या दारात तरी कशाला आले असते?

गोकुळदास: मी हय बसलंय म्हणान तुझो झील जिवंत आसा ह्या कोणाक तरी म्हायत आसा. थांब, भोंग्यार घेतंय. आयक.

सर्वेश: ...‘पद्मावती’... कोण आयकता काय?... ‘पद्मावती’...

विनोदिनी: सर्वेश. अरे सर्वेश.

गोकुळदास: बटण दाबल्याबिगर तेका काय आयकू येतला? सकाळपासून मधी मधी येता. तुझ्या घरात सेट आसा तो कित्याक, कपडे वाळत घालूक?

विनोदिनी: घरच्या सेटवर नुसती खरखर आहे. दे इकडे. सर्वेश, मी आई. ऐकू येतंय?

सर्वेश: आई? येता, येता. इंजिनात पाणी गेला. खालच्यो बॅटऱ्यो भिजल्यो, जीपीएस बंद, मोबाईल बंद. बाबांचो जुनो वायरलेस तेवढो वयल्या बॅटरीर चलता, तीय उतरत इली.

विनोदिनी: बोटीत पाणी येतंय का?

सर्वेश: येता. बाल्दीन काढतंव. तीन बाल्द्यो काढल्यो काय दोन परत येतत.

विनोदिनी: कुठल्या बाजूला आहेस?

सर्वेश: म्हायत असता तर सांगलंय नसतंय? पाऊस आसा, जमीन दिसना नाय. रातभर वाऱ्यान खय नेलो कोणाक ठाऊक. तू खयसून बोलतंस?

विनोदिनी: ‘आनंदी’वरून.

सर्वेश: काकाच्या?

गोकुळदास: होय रे, काकाच्या.

सर्वेश: काका, आज हय मासो नाय. येशात तर जाळा घेऊन येव नका.

गोकुळदास: बॅटरी राख. मी हाक मारल्यार बोल.

विनोदिनी: ऐकलंस ना? आता फिरव रिंग. त्याचे मासे पळवायला फिरवायचास तशीच फिरव.

गोकुळदास: सकाळपासून काय करतंय असा वाटता तुका? रिंग फिरवताना एका जाग्यार आवाज मरूक होयो. जय आवाज मरता, थय बोट. भिकाजीन तुका सांगलेला ना?

विनोदिनी: सांगितलंय ह्यांनी.

गोकुळदास: आवाज मरणाच नाय. खयव फिरव, सगळीकडे सारखोच. बारीक, खरखरीत आणि सारखो. दसऱ्यापासून ह्या असाच चल्ला हा. व्हॉल्व बदललंय, म्हापशाच्या बाजारात एका जुन्या रेडियोतसून काढून हाडलंय. वायरी परत जोडलंय. पेटयेक काजूच्या सालीचा तेल लावलंय, दमट नको म्हणान आत बल्ब पेटतो ठेवलंय. काय एक उपेग नाय.

विनोदिनी: दसऱ्यापासून.

गोकुळदास: मोडीत काढलेल्या जहाजावरसून ही वस्तू भिकाजीन आणि मी खांद्यार घालून हाडलेली. भाऊस गेलो, आता ह्याव गेला असा समाजलंय. रडलंय मी, वयनी. सांगूक लाज नाय माका.

विनोदिनी: रिंग ह्यांची होती. वाटणीत तू ठेवून घेतलीस.

गोकुळदास: तू मागलंस नाय.

विनोदिनी: मागितली असती तर दिली असतीस?

गोकुळदास: नाय.

विनोदिनी: छपरावर चढतात कुठून?

गोकुळदास: कित्याक?

विनोदिनी: ती माळ काढायची आहे.

गोकुळदास: पूजेची माळ काढूची नाय. आपल्या घराण्यात ती आपसूक गळान पडाक होयी. इतकी वर्सा केरीत काढलंस आणि ह्या तुका म्हायत नाय?

विनोदिनी: ती गळून पडणार नाही. तिच्यात तार आहे.

गोकुळदास: कसली तार?

विनोदिनी: तांब्याची, दोऱ्याच्या जागी. रिंगेच्या डोक्यावर ती काळी खाच आहे ना, जिच्यावर हे कावळासुद्धा बसू देत नव्हते? तिच्या एका बाजूला एक टोक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं टोक, असे पीळ मारून बांधलीय.

गोकुळदास: तू.

विनोदिनी: मी.

गोकुळदास: म्हायत असताना.

विनोदिनी: माहीत असताना. ह्यांनीच मला सांगितलं होतं, खाचेवरून धातू गेला की रिंग बहिरी होते. मला तुझी रिंग बहिरी व्हायला हवी होती. आणि पूजेच्या माळेला तू हात लावणार नाहीस हे मला ठाऊक होतं.

गोकुळदास: मी ह्या पेटयेचो एक एक स्क्रू काढून धुतलंय. आणि रोज सकाळी वर चढान त्या माळेक हात जोडी होतंय, देवा, माझी रिंग बरी कर म्हणान. तुझ्या तारेच्या पाया पडलंय मी.

विनोदिनी: शिव्या नंतर घाल. पक्कड दे.

गोकुळदास: भिकाजी आज असतो तर तेणा तुका...

विनोदिनी: हे आज असते तर तू सर्वेशच्या माशांमागे गेला नसतास आणि मला हे सुचलं नसतं. पक्कड दे, गोकुळ.

गोकुळदास: घे. खिडकयेच्या कठड्यार पाय ठेव, मगे वयल्या नळयेक धर. ओला आसा. पडलंस तर माझ्यार घालू नको.

विनोदिनी: पीळ सुटत नाही.

गोकुळदास: कसो सुटतलो? देवाचा नाव घेऊन बांधलंस मा. तोड.

विनोदिनी: तुटली. ही आली हातात.

गोकुळदास: दर्यात टाक ती.

विनोदिनी: फुलं टाकते. तार ठेवते.

गोकुळदास: तार कित्याक?

विनोदिनी: तू परत त्याच्या मागे गेलास तर लागेल.

गोकुळदास: खाली उतर आधी. सर्वेश, आयकतंस? आता बोलत रव. मधी थांबू नको.

सर्वेश: काय बोलू?

गोकुळदास: तोंडात येतला ता. माका शिव्या घाल.

सर्वेश: आई आसा थय.

विनोदिनी: घाल. मी ऐकतेय.

सर्वेश: काका, बाबा गेले तेव्हा बरी बोट तुमी घेतलात. रिंग तुमी घेतलात. आमका ‘पद्मावती’ दिलात, जिचो खालचो फळो तेव्हाच मऊ झालेलो. पोर दर्या शिकात म्हणालात. कोण शिकवतलो होतो? मी मासो शोधलंय काय तुमी येवन जाळा टाकी होतात, आणि वर हसान हात दाखवी होतात. माका मासो नेल्याचा वाईट वाटी नव्हता, काका. तो हात दाखवूचा वाईट वाटी होता. एकदा तरी म्हणाक होया होता, सर्वेश, चल, दोगांनी मिळान टाकूया...

विनोदिनी: आवाज बारीक झाला.

गोकुळदास: गप रव.

सर्वेश: ...मी वाट बघी होतंय... एकदा तरी...

विनोदिनी: गेला. गोकुळ, आवाज गेला. त्याची बॅटरी संपली.

गोकुळदास: बॅटरी नाय. ह्या बघ, रिंगेचा चाक जरासा हय फिरवलंय काय...

सर्वेश: ...आणि बाबांच्या बाराव्याक तुमी...

गोकुळदास: ...आणि परत थय नेलंय काय मेलो.

विनोदिनी: मेला म्हणू नकोस.

गोकुळदास: आवाजाक म्हणतंय. नैर्ऋत्येक आसा तो. वेंगुर्ल्याक नाय, उलट्या बाजूक वाहवत गेलो हा. सगळ्यो बोटी भलतीकडे धावल्यो. सांजेक वारो वाढतलो, तेच्या आधी पोचाक होया. नांगर ओढूक येता तुका?

विनोदिनी: बार्जी बघून वाढलेली बाई आहे मी. बाराव्याचं काय म्हणत होता तो?

गोकुळदास: जेवाक बसलंय आणि अर्ध्यातसून उठान गेलंय, ता.

विनोदिनी: का उठलास, ते मला आजपर्यंत कळलं नाही.

गोकुळदास: तू माका परक्यांच्या पंगतीत वाढलंस. भावाच्या बाराव्याक. तुका कळला नसात, माका कळला.

विनोदिनी: मुद्दाम वाढलं होतं.

गोकुळदास: म्हायत आसा. ओढ नांगर.

विनोदिनी: ओढला. इंजिन लाव. मी आता कुठे बसू?

गोकुळदास: माझ्या जाग्यार. सुकाणू माका धरूक होया, म्हणान रिंगेचा चाक तू धर. असाच, जय आसा थय. हलवू नको. आवाज येवक लागलो तर समज बोट वाटेवरसून सरकली, माका सांग.

विनोदिनी: आणि आवाज आलाच नाही तर?

गोकुळदास: तर बरोबर तेच्याकडे चललंव. सर्वेश, काका बोलतंय. आमी येतंव. तू बोलत रव, बाबा, थांबू नको.

विनोदिनी: त्याला ऐकू गेलं असेल?

गोकुळदास: गेला असात. तो बोलत असतलो.

विनोदिनी: काहीच येत नाही.

गोकुळदास: येऊकच नको.

विनोदिनी: मी हे चाक जरासं फिरवलं तर मला त्याचा आवाज ऐकू येईल?

गोकुळदास: येतलो.

विनोदिनी: नाही फिरवत.