आधी घरच्या माणसाला सांग

सगळ्यांना जय भीम.

काकू, विहारातली सगळी मोठी माणसं, आणि रविवारच्या वर्गाला येणारे माझे मित्रमैत्रिणी,

या हॉलमध्ये एवढी माणसं मी फक्त जयंतीला बघितली आहेत. आज बाहेर पायऱ्यांवरसुद्धा लोक उभे आहेत. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले होते. मग हो म्हणाले. काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते, पण इथे समोर काकांचा फोटो बघितला आणि सगळं डोक्यातून गेलं. म्हणून काकांनी शिकवलं तशीच सुरुवात करते. ते म्हणायचे, "आधी नाव सांगावं, कुठून आलो ते सांगावं, मग काय रडायचं ते रडावं."

माझं नाव प्रज्ञा. मी इथलीच, विहाराच्या मागच्या गल्लीतली. माझे पप्पा बस डेपोत मेकॅनिक आहेत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. सध्या संख्याशास्त्रात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

झालं सांगून, काका.

सोनवणे काका मागच्या मंगळवारी सकाळी गेले. तुमच्यापैकी बरेच जण त्यांना माझ्या जन्माच्या आधीपासून ओळखतात. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. या वस्तीतल्या किती जणांनी त्यांच्या खिडकीसमोर रांग लावली असेल! नाव नोंदवायचं, कार्ड घ्यायचं, आणि मग वाट बघायची. लोक विचारायचे, "साहेब, कॉल आला का?" आणि साहेब सांगायचे, "अजून नाही." काका म्हणायचे, "माझ्याइतकं 'अजून नाही' पुण्यात कुणी म्हटलं नसेल." हसत म्हणायचे. पण ते त्यांना लागलेलं होतं. पुढे पुढे ती रांगसुद्धा आटली. नोकऱ्या कंपन्यांकडे गेल्या, आणि कंपन्या खिडकीवर येत नव्हत्या, कॉलेजात जात होत्या.

काका निवृत्त झाले आणि लगेचच्या रविवारी वंदना संपल्यावर त्यांनी या हॉलमध्ये एक टेबल टाकलं. एका बाजूला एक खुर्ची, दुसऱ्या बाजूला दोन. एका खुर्चीत उमेदवार. समोर काका. आणि काकांच्या शेजारी उमेदवाराच्या घरचं एक माणूस. आई, वडील, मोठा भाऊ, कुणीही चालेल, पण घरचं पाहिजे. घरचं माणूस नसेल तर मुलाखत नाही, सरळ परत.

आम्हाला हे विचित्र वाटायचं. सदाशिव पेठेत मुलाखतीचे एवढे क्लास होते, तिथे कुणी आईला घेऊन जात नव्हतं. एकदा मी काकांना म्हटलं, "काका, आयांना कंपनीतलं काय कळणार?" काका म्हणाले, "कंपनीचा साहेब तुला अर्धा तास विचारणार. घरचे आयुष्यभर विचारणार. अवघड मुलाखत कुठली?"

आठवतंय ना, एकदा आपल्यातलाच एक जण बसला होता. आज तो इथे आहे, नाव घेत नाही. इंग्रजीत झोकात म्हणाला, आय ॲम अ टीम प्लेअर. त्याच्या आईनं काकांना अर्थ विचारला. काकांनी सांगितला. मावशी म्हणाल्या, "पाणी भरायला एक दिवस उठला नाही, आणि टीम कसली?" आख्खा हॉल हसला. काका हसले नाहीत. त्याला म्हणाले, "दे उत्तर. प्रश्न बरोबर आहे." आणि मावशींना म्हणाले, "ताई, तुम्ही आमच्या ऑफिसात असतात तर निम्मी रांग कमी झाली असती."

आणि काकू, तुम्ही चहा घेऊन यायचात आणि दारातूनच म्हणायचात, "घरात ह्यांना कुणी प्रश्न विचारू देत नाही, म्हणून इथे येऊन विचारतात." ते ऐकून काका तेवढे गप्प बसायचे. तुमच्यासमोर त्यांची कधी निवड झाली नाही.

आता मला माझी गोष्ट सांगायची आहे. पप्पा मागे बसलेत, त्यांना विचारूनच सांगते आहे.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजात हिंजवडीची एक सॉफ्टवेअर कंपनी आली. माझी निवड झाली. पत्र घरी आलं. पप्पांनी डेपोत पेढे वाटले. चाळीत हिंजवडी कुठे आहे हे कुणाला नीट माहीत नव्हतं. पप्पांनी प्रत्येकाला रस्ता समजावून सांगितला. मुलगी कंप्यूटरच्या कंपनीत. आमच्या घरासाठी ते काय होतं, ते या हॉलमध्ये मला कुणाला सांगायची गरज नाही.

आणि मला जायचं नव्हतं.

त्या वर्षी मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आपल्याच वस्तीतल्या काविळीची माहिती गोळा केली होती. घरोघर गेले होते, तुमच्यापैकी कित्येकांनी मला चहा पाजला होता. ती माहिती मांडून बघितल्यावर दिसलं, की काही गल्ल्यांत कावीळ पुन्हा पुन्हा येते आणि शेजारच्याच गल्लीत येत नाही. ते दिसल्यावर मला दुसरं काही करावंसं वाटेना. मला हेच शिकायचं होतं. पुढे एमएस्सी, आणि मग आजारांच्या आकड्यांवर काम. पण हे पप्पांना कसं सांगायचं? पेढे वाटून झाले होते.

मी काकांकडे गेले. एकटी गेले. मला वाटलं, काका शिकलेले आहेत, ते पप्पांना समजावतील.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चूक आहे."

"काय चूक आहे?"

"हातात आलेली नोकरी सोडणं. मी माणसं बघितलीत प्रज्ञा, कॉलची वाट बघता बघता त्यांचे केस पांढरे झाले. तू आलेला कॉल फाडणार?"

मी म्हटलं, "मग तुम्ही पप्पांना समजावणार नाही?"

"मलाच पटलेलं नाही, मी काय समजावू? रविवारी ये. त्यांना घेऊन ये."

"पण तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलणार?"

"त्यांच्या," म्हणाले. "स्पष्ट सांगतो."

मी रडत घरी गेले. पण रविवारी आले, पप्पांना घेऊन आले. पप्पांना वाटलं, कंपनीत जायच्या आधीची काहीतरी तयारी आहे. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. टेबलाशी आलो, तर काका आपल्या खुर्चीतून उठले आणि तिकडे भिंतीलगतच्या त्या बाकावर जाऊन बसले. म्हणाले, "आज मी नाही. आज फक्त वडील."

मी बोलायला लागले. पुस्तकी बोलले. सार्वजनिक आरोग्य, विश्लेषण, संशोधनाची दिशा. खूप बोलले. थांबले तेव्हा पप्पांनी काकांकडे बघितलं आणि म्हणाले, "चांगलं बोलली."

बाकावरून काका म्हणाले, "चांगलं बोलली ते मलाही कळलं. काय बोलली?"

माझे पप्पा, जे इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगतात, ते माझ्यासमोर मान खाली घालून बसले होते, आणि ती वेळ त्यांच्यावर मी आणली होती. काका मला म्हणाले, "त्यांना कळलं नाही ही त्यांची चूक नाही. परत सांग."

मग मी परत सांगितलं. म्हटलं, "पप्पा, डेपोत ब्रेक गेलेली गाडी आली की तुम्ही काय करता?"

"लायनर बदलतो."

"सगळ्या गाड्यांचे सारखेच झिजतात?"

"छे! कात्रजकडच्या गाड्यांचे लवकर जातात. चढ-उतार आहे ना."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? एवढ्या गाड्या हाताखालून जातात. कळतंच."

"तसंच आहे पप्पा. मूल आजारी पडलं की डॉक्टर बरं करतो. पण तो एका वेळी एकच मूल बघतो. ठरावीक गल्लीतलीच मुलं का पडतात, हे कळायला खूप जणांची माहिती एकत्र हाताखालून जावी लागते. ती कशी बघायची, ते मला शिकायचंय. त्यासाठी मला कंपनी सोडायचीय."

पप्पांनी खुर्ची पुढे ओढली. मग विचारलं, "ह्याला पगार कोण देतं?"

मी म्हटलं, "अजून माहीत नाही."

"पर्मनंट असतं?"

"नाही."

बाकावरून काका म्हणाले, "खोटं बोलली नाही. पुढे विचारा."

पप्पा म्हणाले, "पुढे काय विचारू? तिचं तिनं ठरवलंय. पण साहेब, मी चाळीत काय सांगू? पेढे खाल्लेत लोकांनी."

आणि इथे काकांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ते बाकावरून उठले, टेबलाजवळ आले आणि मला म्हणाले, "ऊठ. उमेदवार बदलला." पप्पांना त्यांनी माझ्या खुर्चीत बसवलं. स्वतः समोर बसले आणि एकदम आमच्या चाळीतल्या माणसासारखा आवाज काढला. "काय हो, मुलीनं कंपनी सोडली म्हणे? एवढं शिकवून काय उपयोग?"

पप्पा गडबडले. म्हणाले, "नाही, म्हणजे... ती शिकतीय अजून."

"काय शिकतीय?"

"ते... आकड्यांचं."

"नापास. परत. आमच्या मेहुण्याचा पोरगा अमेरिकेला चाललाय, तुमची आकडे शिकतीय? मटक्याचे का?"

सगळे हसले. पप्पापण हसले. मग खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, "हे बघा, ब्रेक गेला तर एक गाडी दुरुस्त करता येते. पण एकाच रस्त्यावरच्या गाड्यांचे ब्रेक का जातात, ते बघणारापण कुणीतरी पाहिजे. माझी मुलगी माणसांच्या बाबतीत ते बघणार आहे. आपल्या गल्लीत कावीळ का येते, ते तुम्हाला माहीत आहे का? नाही ना? मग पेढे पचू द्या."

काका उठून उभे राहिले, पप्पांशी हात मिळवला आणि म्हणाले, "सिलेक्टेड."

काकांना पटलेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. माझा निर्णय चूक आहे असं त्यांना त्या दिवशीही वाटत होतं. तरी त्यांनी माझ्या वडिलांना त्या चुकीची बाजू मांडायला शिकवलं. स्वतःला न पटलेल्या गोष्टीसाठी एवढं कोण करतं? मी तरी दुसरं कुणी बघितलेलं नाही.

पुढच्या वर्षी कंपन्यांत मंदी आली. ज्यांना पत्रं मिळाली होती, त्यांना थांबा म्हणून सांगितलं गेलं. मला काही जण म्हणाले, "बघ, बरं झालं तू सोडलीस." ते काकांच्या कानावर गेलं. असे चिडले! म्हणाले, "बरं काय झालं? ज्या पोरांना थांबवलंय त्यांच्या घरी जाऊन म्हण, बरं झालं." आणि त्या सगळ्या मुलांना त्यांनी परत रविवारी बोलावलं, त्यांच्या आयांसकट. "आता घरी काय सांगायचं त्याची तयारी," म्हणाले.

मी अजून नोकरीला लागलेली नाही. त्यामुळे काका बरोबर होते की मी, हे आज मला सांगता येणार नाही. येत्या गुरुवारी माझी मुलाखत आहे. आजारांच्या माहितीवर काम करणारी एक संस्था आहे. जागा एकच आहे. गेल्या रविवारी काका माझी तयारी घेणार होते, पण ते दवाखान्यात होते. मी भेटायला गेले. काकू, तुम्ही सांगितलं होतं, त्यांना बोलू देऊ नकोस. मी गप्प बसले होते. तेच बोलले.

"न मिळाली तर?"

मी म्हटलं, "दुसरीकडे अर्ज करीन."

"आणि घरी काय सांगशील?"

"घरी माहीत आहे काका. पप्पांना सगळं माहीत आहे."

त्यांनी मला उशी वर सरकवायला लावली. मग म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही हं."

मी म्हटलं, "माहीत आहे."

आणि काका हसले. मी त्यांना बघितलं ते शेवटचं.

मित्रमैत्रिणींनो, आपण सगळे अशा वेळी कॉलेजात आहोत की रोज कुणीतरी नवा कोर्स सांगतं, नवी कंपनी सांगतं. पुढच्या वर्षी काय चालेल, कुणालाच माहीत नाही. काकांनाही माहीत नव्हतं. त्यांनी आपल्याला एवढंच सांगितलं, की जे करायचं ते आधी घरच्या माणसाला सांग, त्याला कळेपर्यंत सांग, आणि त्याला विचारू दे. आपल्या घरांत आपल्या आधी या वाटेनं कुणी गेलेलं नाही. घरच्यांना मागे सोडून जाणं सोपं आहे. काकांनी ते आपल्याला करू दिलं नाही.

आता आपण सगळे उभे राहू या आणि काकांसाठी दोन मिनिटं शांत राहू या. इथे नोकरीला लागलेले आहेत, न लागलेले आहेत, नोकरी गेलेलेही आहेत. सगळ्यांच्या शेजारी आज घरचं कुणीतरी उभं आहे. शांतता संपली की वेगवेगळे पांगू नका, घरच्यांबरोबरच निघा. ज्यांनी मनातलं अजून सांगितलेलं नाही, त्यांनी आज घरी जाता जाता वाटेतच सांगून टाका.

काका, तुम्हाला जय भीम.