पाचव्या अंकातलं लग्न

—नाही गं, बस तू, त्या स्टुलावर बस, विग ठेव बाजूला. चौथा अंक आत्ताच संपलाय, पाचव्याला वेळ आहे — तोवर लोक सरबत पिणार, बायका एकमेकींचे दागिने बघणार. तर काय म्हणत होतीस? शेवट समाधानकारक आहे. वाचलंय मी, त्या वर्तमानपत्रवाल्यानंही तेच लिहिलंय — दीडशे वर्षं झाली तरी या सुखान्तिकेचा शेवट तृप्त करून सोडतो म्हणे. जेवायला बसला होता का तो?

अगं, शेवट म्हणजे आहे काय, सांग बघू. चार अंक तो म्हातारा पालक पोरीला कुलपात ठेवतो — आणि पाचव्यात बंदरावरून एक काका उपटतो, ज्याचं नाव तोवर कुणी काढलेलं नाही. तो मानेवरचा तीळ बघतो नि म्हणतो, ही तर माझ्या भावाची हरवलेली लेक. झालं. म्हातारा विरघळतो, नायक हात पुढे करतो, नोकराला मोलकरीण मिळते — तिला कुणी विचारत नाही, बाई गं, हा चालेल का तुला — आणि सगळे नाचतात. उरते कोण? दाई. पोरीला लहानाचं मोठं करणारी दाई, मागं मेणबत्ती धरून उभी, त्या अंकात तिला एक वाक्य नाही. मी इतकी वर्षं नायिका करतेय, पण देवाशपथ सांगते, ती तिथं असते हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

काल का? काल थिएटरच्या कारभारी मंडळानं बोलावलं म्हणून. “मादमोआझेल क्लोरिंद” — इथं नटी आजी झाली तरी मादमोआझेलच, कुमारीच, तेवढी एक मेहरबानी — “दाईची भूमिका आपली वाट बघतेय.” बघू दे, म्हटलं. मला नियम शिकवू नका. भूमिका जिच्या नावावर असते तिनं आपण होऊन सोडली तरच ती दुसरीला मिळते, हा या नाटकघराचा रिवाज. आता सोळा वर्षांची पोर मी पन्नाशी उलटल्यावर करते, तर बिघडलं काय? मी कंबर आवळते, ते दिवे मंद ठेवतात. आणि आमचे नायक, मस्यू अनातोल? साठी झाली. तिसऱ्या अंकात गुडघ्यावर बसले की मलाच ओढून उठवावं लागतं, नि लोकांना वाटतं, काय हा प्रेमाचा आवेग. त्यांना कुणी म्हणत नाही, बाबा, आता तू काका हो. पुरुषाचं वय बघायला पॅरिसमध्ये कुणी चष्मा लावत नाही.

छे, वाईट कशाला बोलू त्याच्याबद्दल. चांगला आहे तो. एकदा — आता तुला काय सांगायचं — एकदा ठरलं होतं आमचं. मेअरच्या कचेरीच्या दारावर लग्नाच्या नोटिशीत नावंसुद्धा लागली होती. मग त्याची आई आजारी पडली, मग दौरा निघाला, मग — मग राहिलंच. त्यानं विषय काढला नाही, मी विचारलं नाही. आणि खरं सांगू? मला काही कमी पडलं नाही. पाचव्या अंकात तो हात पुढे करतोच की — भरल्या थिएटरात करतो. लग्न झालेल्या बायका बघ, नवरा त्यांच्याकडे त्या एका दिवशी धड बघतो, पुढं जन्मभर सूपच मागतो. माझ्याकडे दर खेळाला बघतो. शेवट खोटा आहे, साफ खोटा — पण माझा आहे. मी सोडायची नाही. जाऊन सांग मंडळाला.

पण काय गं, तू आलीस कशी इथं? मंडळातल्या कुणाची मला पुन्हा तोंडावर सांगायची छाती नाही, म्हणून तुला पुढं केलं, ते कळलं. पण तू घाबरली नाहीस. कुणीतरी सांगितलं असणार — जा, आरडाओरडा करील, पण मन मऊ आहे तिचं, दोन शब्द गोड बोललीस की भूमिका देईल. मन मऊ आहे. हे माझ्याबद्दल एकच माणूस म्हणतो.

अनातोलनं ना? बघ माझ्याकडे.

अभिनय शिकावा लागेल हो तुला, तोंडावर सगळं दिसतं.

त्यानंच सुचवलं तर. मंडळाच्या ठरावावर सही पण पहिली त्याचीच असेल.

हाक आली बघ. उठ. ही पाठीमागची नाडी सोड — ओढू नकोस, गाठ सोड. झगा तुला सैल होईल, दोन टाचण्या लाव. संवाद विचारत नाही, विंगेत उभी राहून ओठ हलवताना बघितलंय तुला. हो, आजच. पाचवा अंक तू कर. लोकांना कळलंच तर म्हणतील, लग्न ठरलं नि पोरीचं रूप उजळलं. एक ऐक फक्त — तो हात पुढे करील ना, तेव्हा लगेच देऊ नकोस. उभा राहू दे तसाच, सगळ्यांदेखत—

नाही. राहू दे. लगेच दे. लिहिलंय तसंच कर.

जा आता. दार ओढून घे, मला तोंड धुवायचंय.