पाठवणीचा तुकडा

सोलापुरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात मुमताज नवऱ्याला, नबीसाबला, घेऊन नंबराची वाट बघत होती. मागच्या बाकावर भाऊ-बहीण आईला मधे बसवून बोलत होते, ते तिला ऐकू येत होतं.

"अंकिता, आईच्या फुफ्फुसातल्या गाठीत काय झालंय, ते मला कळंल असं सांग की."

"दादा, तू लग्नाचं शूटिंग सगळं देतोस का?"

"न्हाय. कॉपी काढतो, नको ते कापतो, उरलेलं जोडतो."

"पेशीपण तेच करते. जीनची कॉपी काढते, नको ते कापते, उरलेल्यावरून प्रथिन बनवते. आईच्या गाठीत कामाचाच तुकडा कापला गेलाय."

"कुठला?"

"मोडनिंबच्या लग्नात तू पाठवणी कापली होतीस."

"नवरीच्या बापानं लई झापलं. म्हणला, पोरगी अजून मांडवातच उभी हाय माझी."

"तसंच. 'काम झालं, आता जा' सांगणारा तुकडाच नाही. मग ते प्रथिन जात नाही, गाठीला वाढ-वाढ म्हणत बसतं."

"मग जोडायचा की परत."

"जोडता येत नाही. पण त्या प्रथिनाचं तोंड बंद करणारी गोळी आहे. तपासणीत हे सापडलं, म्हणूनच आईला दिली."

"लागू पडंल?"

"बऱ्याच जणांना पडते. आईलाही पडेल."

"मग जेवायला चला की," म्हणत आई उठली.

तेवढ्यात नबीसाबचं नाव पुकारलं. मुमताजनं त्याला आत नेऊन खुर्चीत बसवलं.

"डॉक्टरसाहेब, ह्यांचीबी गाठ फुफ्फुसातच हाय न्हवं? मग ती रुखसतीची तपासणी करा."

"कसली?"

"पाठवणी कापलीय का, त्याची. गोळी हाय की त्याच्यावर."