विमानातून फिरून आलेले मामा

आज हसू येत असेल तुम्हाला, पण मला अजून रागच येतो. माझ्या बहिणीचं लग्न जळगावला, वऱ्हाड धुळ्याचं. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आदल्या दिवशीच या असं कळवलं होतं. पण नवऱ्याचे मामा विमानातून फिरून आलेले. "मुंबईहून चार तासांत दिल्ली गाठली मी, हे तर साठेक मैल," म्हणत त्यांनी लग्नादिवशी सकाळी नऊला लॉरी काढली. ती वाटेत नाल्यात रुतली. दुपारचा मुहूर्त टळला, वऱ्हाड चारला पोचलं.

मामा थेट पानावर बसले आणि म्हणाले, "वरण गार शे."

नाना कधी आवाज चढवत नसत. त्यांनी मामांपुढचं पान उचललं.

"माझी लेक सकाळपासून उपाशी आहे. ती जेवली की तुम्ही जेवा."

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. तोवर मामांना कुणी पाणीही विचारलं नाही.