सोडलेला दात

(वाशिममधला दातांचा दवाखाना. खुर्चीत सायली, शेजारी तिचे वडील बापूराव, समोर डॉ. योगिनी.)

योगिनी : हा दात कोणी काढला?

बापूराव : मीच नेलं होतं काढाले. गावातल्या दातवाल्याकडं.

योगिनी : मला न विचारता?

बापूराव : तुमाले काय इचाराचं? साऱ्या दातायले तार लावली, हा एकटा सोडला. इसरल्या असान. दाट वाफ्यातलं एक रोप उपटलं का बाकीचे सुदरतात. आमी भाजीवाले जनमभर तेच करतो.

योगिनी : विसरले नव्हते, मुद्दाम सोडला होता! एक्स-रे दाखवून सांगितलं होतं, तिथलं हाड दगडासारखं घट्ट झालंय. त्यात दात सरकत नाही, आणि काढला तर जखम भरत नाही. आता बघा, पू येतोय.

बापूराव : माह्यावर चिल्लावू नका. तारा लावल्यापासून पोरीची हनुवटी पह्यल्यापेक्षा जास्त पुढं दिसते. सुदरवून राह्यल्या का बिघडवून?

योगिनी : ऑपरेशनआधी तसंच दिसतं. आधी तारांनी दात सरळ करायचे, मग सर्जन जबडा मागे घेतात. हेही सांगितलं होतं.

बापूराव : मंग करा ना ऑपरेशन! लगन जमवाचं हाय. रविवारी पाहुने येऊन राह्यले.

योगिनी : सर्जननी तारीख रद्द केली. पू असताना जबडा कापत नाहीत. ही जखम कधी भरेल, मलाही माहीत नाही.

बापूराव : मंग त्या तारा काढा. आत्ताच.

सायली : राहू द्या, मॅडम.

बापूराव : तू चूप बस.

सायली : लय चूप बसली. दात उपटाले नेलं, तवाही चूप होती. रविवारी मी पाहुन्यायसमोर येनार नाही.

बापूराव : मी कोनासाठी करून राह्यलो हे? लोकं तुह्यं तोंड पाहून माघारी जातात, मले दुखत नसंन?

सायली : मले तोंड दाखवाचं नाही, बाबा. मले भाकर तोडाची हाय. माह्ये समोरचे दात एकमेकायले लागतच नाहीत.

बापूराव : जेवतं त् रोज.

सायली : एकटी. सयपाकघरात, वरनात कुस्करून. पंगतीत कधी पाह्यलं मले?

बापूराव : पंगतीत तुले वाढाले आवडते न.

सायली : वाढनारीले कोनी इचारत नाही बाबा, तू काहून जेवत नाही म्हनून.