आतल्या झाडांवरचं दगडफूल

बोरीवलीच्या नॅशनल पार्कच्या तिकीट खिडकीपुढे अण्णा सकाळच्या रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे मायलेकी. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये असं अण्णांचं ठाम मत होतं, म्हणून ते अर्धंच पाऊल पुढे सरकले.

"सर येतायत झाडं बघायला. माझी पीएचडी गेली, आई."

"अशी कशी जाईल, श्रुतिका?"

"हायवेच्या धुरातला नायट्रोजन जंगलावर बसतो. त्याने खाली तण माजतं आणि खोडावरचं दगडफूल मरतं. हायवेकडच्या झाडांवरचं मेलं, आतल्या झाडांवर टिकलं, हेच तर मी दोन वर्षं मांडतेय ना! आणि आता आतलीही झाडं बोडकी. सर म्हणतात, तू आकडे घरी बसून लिहिलेस."

"आतली म्हणजे... ती लाल फिती बांधलेली?"

"हो. का?"

"मला वाटलं, चांगल्या मालाला तू खूण करून ठेवलीयस."

"आई!"

"भगिनी मंडळाचा मसाला होता गं. बाजारातल्या दगडफुलाला वासच नसतो."

"सगळं कुटलंस?"

"कुटलं आणि देऊनही टाकलं. तुझ्या सरांनाच पाव किलो दिला."

"गप्प! सर आले. एक शब्द बोलू नकोस."

"नमस्कार सर. पोरगी खोटं बोलत नाहीये, झाडं मी खरवडली. विश्वास नसेल तर घरी फोन लावा आणि वहिनींना विचारा, हल्ली आमटीला एवढा वास कुठून येतो."